कौतिक नानांचे शेंदराचे ठिपके

एरंडोल रोडवरच्या आमच्या जिनिंग मिलमध्ये कौतिक नानांना वायरमन म्हटलेलं चालत नाही. ते 'लाइटवाले नाना'. एकतीस वर्षं झाली. कापूस येतो, रेच्यांवर रुई आणि सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये गाठ बांधली जाते, आणि हा सगळा कारभार ज्या करंटवर चालतो तो करंट नानांच्या शब्दाबाहेर नाही, अशी मिलमध्ये समजूत. ती पसरवणारे नाना स्वतःच.

"मन्हा पॅनल पाच सीझन झाला, एकदा बी पडेल नही," हे वाक्य ते चहाच्या टपरीवर रोज म्हणायचे. ब्रेकर पडणं म्हणजे जास्त करंट आला की आपोआप बंद होणं. बाकीच्या मिलमध्ये ब्रेकर पडतात, रेचे थांबतात, मालक बोंबलतात. नानांच्या मिलमध्ये नाही. शेजारच्या दोन मिलवाल्यांनी त्यांना पळवायचा प्रयत्न करून पाहिला. नाना गेले नाहीत. मान इथे होता.

मी कामगारांची भांडणं भांडतो. शिक्षण दहावीपर्यंत, तेही अर्धवट. कायदा वाचून वाचून शिकलो. शेजारच्या तालुक्यात एका कारखान्यात पॅनल उघडताना माणूस भाजला, तेव्हा मी आमच्या मिलच्या पॅनलची तपासणी करा म्हणून चार अर्ज टाकले. चारांपैकी एकाचंही उत्तर नाही. पाचव्या महिन्यात विमा कंपनीने तीच अट घातली आणि मिलचे मालक रतिलाल शेठ दोन दिवसांत तयार झाले. असो. श्रेय कोणाला द्यायचं ते द्या, तपासणी झाली.

धुळ्याहून सोनल आली. पंचविशीतली इंजिनियर, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तिने पहिला प्रश्न विचारला, "नाना, मिलचा वायरिंगचा नकाशा कुठे आहे?"

नानांनी कपाळावर बोट ठेवलं. "आठे."

सोनल हसली नाही. वही काढून म्हणाली, "मग बोला, मी उतरवते."

सहा दिवस ती मिलभर फिरली. ट्रान्सफॉर्मरवरची पाटी वाचली, केबल कुठून कुठे जाते ती पावलांनी आणि मग टेपने मोजली, प्रत्येक मोटर लिहून घेतली. हिशोब असा, की कुठे दोन वायरी चिकटल्या तर किती करंट धावेल, कोणता ब्रेकर किती वेळात पडेल, आणि तोवर पॅनलसमोर उभ्या माणसाचं काय होईल. नाना तिच्यामागे टेपचं दुसरं टोक धरून. मनातून खूश होते. एवढे प्रश्न त्यांना कोणी विचारले नव्हते. फक्त एकदा चिडले. ती म्हणाली, "नाना, हा टेरिकॉटचा शर्ट नका घालू. आग लागली तर वितळून अंगाला चिकटतो. सुती घाला."

"कापसानी मिलमा मी सुती घालू? लोक हासतीन!"

सातव्या दिवशी तिने पॅनलचं दार उघडायला लावलं. आत दोन मोठे ब्रेकर, एक रेच्यांचा, एक प्रेसचा. दोन्हींवर छोटी डायल: किती करंटला पडायचं ते त्यावर ठरतं. आणि प्रत्येक डायलभोवती शेंदराचे ठिपके. एकावर एक चढत गेलेले, सहा.

"हे काय?"

नानांनी अभिमानाने सांगितलं. दरवर्षी खंडेनवमीला मिलमध्ये हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. पॅनलची पूजा नानांकडे. ज्या सीझनला ब्रेकर पडला, त्या खंडेनवमीला नाना दोन्ही डायल एक घर वर सरकवायचे आणि तिथे तेलात कालवलेला शेंदूर लावायचे. देवाचं झालं, मग कोणी हात लावत नाही. सहा सीझन, सहा ठिपके. सहाव्या ठिपक्याशी डायल संपली आणि तेव्हापासून ब्रेकर पडला नाही.

"पडणार कसा?" सोनल म्हणाली. "तुम्ही त्याला झोपवलंय, नाना. प्रेस इथून नव्वद मीटर लांब आहे. तिथे वायरी चिकटल्या तर लांबीमुळे करंट कमी धावेल, तरी हा लगेच पडायला हवा. या घरात तो जागचा हलणार नाही आणि तोपर्यंत आगीचा भपका सुटेल."

"मंग खाले आनू? सीझनना मुहूर्तले पडना ते? मन्हं नाव मातीमा!"

रतिलाल शेठ दारातच होते. "मुहूर्ताला बत्ती गेली ना नाना, तर दुसऱ्या दिवशी मी जळगावचा ठेकेदार लावतो. सांगून ठेवतो."

माझं डोकं सटकलं. मी शेठला जे बोललो ते इथे छापता येणार नाही. नानांनाही बोललो. म्हातारा दगडासारखा उभा. दोन वर्षांनी आराम करायचा होता त्यांना, आणि तो नावानिशी करायचा होता.

सोनलने आवाज चढवला नाही. तिने खडू घेतला. "नाना, पॅनल उघडताना कसे उभे राहता?"

नाना उभे राहिले. उजवा हात दारावर, डावा पाठीमागे. जुन्या वायरमनची सवय, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून. सोनलने पॅनलपासून टेप ओढला आणि बारा फुटांवर जमिनीवर अर्धा गोल काढला. "पॅनलमध्ये वायरी चिकटल्या, तर डायलच्या आजच्या घरात भपका इथपर्यंत भाजतो." मग चार फुटांवर दुसरा. "मी सांगते तिथे डायल आणली, तर इथपर्यंत."

नानांनी रेघेकडे पाहिलं. रेघ त्यांच्या पायाच्या मागून गेली, स्टुलाच्या मागून गेली, आणि भिंतीजवळच्या एका घडी घातलेल्या बारदानाला आत घेऊन वळली. त्या बारदानावर रोज दुपारी एक वाजता त्यांची बायको, सुगंधाबाई, डबा घेऊन येऊन बसते. खोली गार असते म्हणून. वीस वर्षं.

नानांनी बाह्या सारल्या. मेन बंद केला, आत करंट नाही हे दोनदा तपासलं, ब्रेकरला हात जोडले, आणि रॉकेलचा बोळा घेऊन सगळे ठिपके स्वतः पुसले. डायल सोनलने सांगितलेल्या घरावर आली. "रेचे सगळे एकदम चालू करू नका, सहा-सहा करा," ती म्हणाली. "मग उगाच पडणार नाही."

मुहूर्ताला मंडप, पेढे, पाहुणे. नाना सुती सदऱ्यात. सहा रेचे चालू. मग सहा. शेठ घड्याळ बघतायत. चोवीसही चालू झाले, ब्रेकर जागच्या जागी. नानांची छाती फुगली. मग प्रेसचं बटण दाबलं आणि खाट! प्रेसचा ब्रेकर पडला. रेचे चालूच, फक्त प्रेस गप्प.

"नाना! पुन्हा चालू करा!" शेठ ओरडले.

गेली एकतीस वर्षं नानांनी हेच केलं असतं. या वेळी त्यांनी ब्रेकरला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "आधी बघू द्या, शेठ."

प्रेसच्या मागे उंदरांनी केबल कुरतडली होती. दोन वायरी उघड्या, एकमेकींना टेकलेल्या, तांब्यावर नखाएवढा काळा डाग. बाजूला रुईचा ढीग. शेठने डाग पाहिला, ढीग पाहिला आणि ठेकेदाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

दोन तासांत केबल बदलली. पहिली गाठ बांधली गेली. एक वाजता सुगंधाबाई डबा घेऊन आली. नानांनी पायाने बाहेरची रेघ पुसली, बारदान आतल्या रेघेपासून जरा लांब झटकून अंथरलं.

"आयकं मी," ती बसता बसता म्हणाली, "पहिलाच दिन, आनि पडनं म्हने तुमनं?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"पडनं," ते म्हणाले. "भलतं मस्त पडनं."