रांगेत मराठी बोललो म्हणून

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिनं माझ्या मास्कची नाडी बांधली. लसीच्या रांगेत, कल्याण मंटपाच्या दारात. लग्नाचा हॉल तो, तेव्हा लग्नं बंद होती. माझे हात मानेमागं पोचत नाहीत. जन्मभर शिलाई मशीनवर वाकून खांदा धरलाय. ती मागं उभी राहिली. म्हणाली, "अहो, मान हलवू नका. गाठ सुटते."

एवढंच बोलली. तेवढं पुरलं.

टेबलाशी बसलेला वॉर्ड ऑफिसचा माणूस उठून आला. मला नाही, तिला विचारलं. कन्नडमध्ये. "याव ऊरु?" गाव कुठलं?

"मंडी मोहल्ला."

"ते नाही. आलात कुठून?"

"मंडी मोहल्ल्यातनं," ती म्हणाली. "चालत."

मागचे दोघं हसले. ते त्याला लागलं.

तेव्हा रोज सकाळी गल्लीत भोंगा लावलेली ऑटो फिरायची. मास्क घाला. साठीच्या वरच्यांनी लस घ्या, आधार कार्ड आणा. घरात कोणी आजारी पडलं तर वॉर्ड ऑफिसला कळवा, धान्य दारात येईल. आणि सगळ्यात शेवटी, महाराष्ट्रातून आलेल्यांनी रिपोर्ट दाखवा. ते ऐकून आम्हीही म्हणायचो, बरोबर आहे, बाहेरच्यांनी दाखवायलाच पाहिजे. ते बाहेरचे म्हणजे आम्ही, हे स्वप्नातही आलं नाही. माझ्या पणज्याची राख इथली आहे. मी महाराष्ट्र बघितलेला नाही. तीन यत्ता शिकलो त्या कन्नडमध्ये. ही मराठी अक्षरं विठ्ठलाच्या देवळात बसून शिकलो.

"महाराष्ट्रदवरु आ कडे," तो म्हणाला. महाराष्ट्रवाले तिकडं. तिकडं म्हणजे जिथं स्कूटरी लावल्या होत्या तिथं. उन्हात.

मी आधार कार्ड काढलं. पत्ता दाखवला.

"कार्ड काय, कोणीही करून घेतो. बायको मराठी बोलते ना?"

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. पण लिहिणार. मी हात जोडले. म्हणालो, "सार, आम्ही मराठी नाही. ती अशीच काहीतरी बोलते. तिला कळत नाही."

तिला कळत नाही. जिनं माझं दुकान चालवलं, मुलीला शिकवलं, माझ्या आईचं आजारपण काढलं, तिला कळत नाही. ती बाजूला उभी होती. तिनं ऐकलं.

तरी आम्हाला स्कूटरींजवळ उभं केलंच. ओळखीची माणसं पुढं जाऊन सुई घेऊन आली, आमच्याकडं बघून लांबून गेली. दुपारी आमच्या नाकात कांडी घातली आणि सांगितलं, रिपोर्ट आला की या. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. काही नाही आम्हाला. तो घेऊन गेलो तर दारावर पाटी. स्टॉक नाही.

त्या पहिल्या दिवशी घरी येताना ती एकदाच बोलली. "त्याच्या तोंडावरचा मास्क बघितलात?"

"का?"

"माझा होता."

वॉर्ड ऑफिसनं सफाईवाल्या बायकांसाठी म्हणून शिंप्यांकडं मास्क मागितले होते. आम्ही ब्लाऊजच्या अस्तरातले तुकडे जोडून गोणीभर दिले. मी कापायचो, ती शिवायची. नाडीचं टोक दुमडून त्यावर तीन आडवे टाके. बॉबिनमध्ये जो रंग उरला असेल तो. त्याच्या मास्कवर जांभळा. नाडीवर एवढा वेळ दुसरा कोणी शिंपी घालवत नाही. सफाईवालीसाठी शिवलेला मास्क साहेबाच्या तोंडावर.

"तोंड त्याचं, कापड आपलं," ती म्हणाली. हसली नाही.

त्यानंतर ती बाहेर मराठी बोलली नाही. भाजीवाल्यापुढं नाही, दुकानात नाही. उंबऱ्याबाहेर माझ्याशीसुद्धा कन्नड. सरगूरला दिलेली मुलगी फोनवर म्हणाली, "अप्पा, सुम्मने इरि." म्हणजे गप राहा. "बाहेर कन्नड बोललात तर काय जातंय?"

काही जात नाही. कन्नड मलाही माझीच आहे. मी भांडतो कन्नडमध्ये, गिऱ्हाइकाची मापं घेतो कन्नडमध्ये. नातवंडं तिला अज्जी म्हणतात, ते गोडच लागतं. पण मी आपण होऊन बोलणं वेगळं आणि भिऊन बोलणं वेगळं. ती भिऊन बोलत होती. ती भीती त्यानं घातली आणि मी हात जोडून पक्की केली.

मग तिला ताप आला. मग धाप. दवाखान्यात मला एकदाच आत सोडलं, अंगावर प्लास्टिक घालून. शेजारी नर्स उभी होती. बायकोनं मला ओळखलं. तोंडावरची नळी जरा सरकवली, नर्सकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "नीरु कोडि."

पाणी द्या. सगळ्या संसारात तिनं माझ्याकडं कन्नडमध्ये पाणी मागितलं नव्हतं. मराठी ऐकलं तर खाटेवरून उठवून बाजूला ठेवतील, असं तिला वाटलं.

मीही म्हणालो, "कोडतीनि." देतो.

आमचं शेवटचं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लांबून दाखवली. लस मिळाली असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नाही. पण रांगेत तसं झालं नसतं तर मराठीत "अहो, हे बघा" म्हणून मेली असती.

माझ्या दारावर कागद चिकटवला. बाहेर पडायचं नाही. दिवस भरले तेव्हा कागद काढायला तोच माणूस आला. बरोबर मदतीची पिशवी. तांदूळ, तूरडाळ, तेल. तोंडावर आता विकतचा निळा मास्क. खिशातून फोन काढला.

"अज्जा, पिशवी छातीशी धरा. हसू नका, पण जरा बरं दिसा."

"मला ओळखलंत?"

"किती लोक असतात हो."

मी म्हणालो, "त्या दिवशी रांगेत मी खोटं बोललो. आम्ही मराठी. माझी बायको मराठी होती."

तो फोन सरळ धरत म्हणाला, "आता तो विषय कशाला? मदत घ्या."

"तांदूळ द्या. फोटो देणार नाही."

"फोटो नसला तर पिशवी नाही. वर दाखवायला लागतं."

"मग न्या परत."

"तुम्हा लोकांना केलेलं कळतच नाही," असं म्हणत तो पिशवी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोचा भोंगा आला. स्टॉक आलाय. मी तिनं शिवलेला मास्क घेतला. जांभळ्या टाक्यांचा, एकच उरला होता. नाडी बांधता येईना, तसाच एका हातानं तोंडावर धरून गेलो. रांगेत माझ्या मागं आमच्या देवळातले एक म्हातारे उभे होते.

"अण्णा, मागची नाडी बांधता का?" मी मराठीत विचारलं.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. पुटपुटले, "मेल्लगे." हळू.

मी परत विचारलं. टेबलापर्यंत जाईल एवढ्यानं.

त्यांनी बांधली. टेबलामागचा तोच माणूस उठला, आला. "रिपोर्ट?"

"नाही. मंडी मोहल्ला. मराठी."

त्यानं स्कूटरींकडं बोट केलं.

"तिथं मी उभा राहणार नाही," मी कन्नडमध्ये सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. "आणि माझ्यासमोर कोणाला उभं करू देणार नाही. बाजूला करायचं असेल तर हात लावा आणि करा."

त्या दिवसांत कोणी कोणाला हात लावत नव्हतं. त्यानंही लावला नाही. रांग पुढं सरकली. मी रांगेतच होतो.