मोडीचा वर्ग आणि माळ्यावरचा राउटर

ज्ञानाचा प्रवाह अखंड वाहत राहिला पाहिजे, अशी माझ्या वडिलांची श्रद्धा आहे. नौपाड्यातल्या आमच्या घरात हा प्रवाह हॉलमधल्या राउटरपासून निघायचा आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबायचा. मध्ये दीड फुटाची जुनी भिंत आणि तिला टेकवलेलं लोखंडी कपाट.

बाबा निवृत्त शिक्षक, वय एक्याऐंशी. दर रविवारी दहा वाजता ते आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून मोडी लिपी शिकवत. सुरुवातीला अकरा विद्यार्थी होते. कोळीवाड्यातले एक गृहस्थ आजोबांचा जमिनीचा कागद घेऊन आले होते. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी तो वाचून दिला, चौथ्या आठवड्यात त्यांचं नेट गेलं. बाकीचेही "सर, तुमचा आवाज तुटतोय" म्हणत एकेक करून गेले. दिवाळीपर्यंत चार उरले.

"मुलं शिकायला तयार आहेत रे," बाबा म्हणाले, "आपलं नेट नालायक आहे." मुलांमधला सर्वांत लहान मुलगा बँकेतून निवृत्त झालेला होता.

"तुम्ही हॉलमध्ये बसा ना."

"तिथे तुझी आई मालिका बघते. तो वर्ग आहे का?"

म्हणून मी माळ्यावरून जुना राउटर काढला. त्याला ब्रिज करायचं, म्हणजे हॉलमधलं वायफाय त्याने पकडायचं आणि वायरने कॉम्प्युटरला द्यायचं. मागच्या भोकात टाचणी खुपसून मी त्याची स्मृती पुसली. दोन्ही राउटरचा अंतर्गत पत्ता एकच निघाला, त्यामुळे तासभर दोघांनी मिळून घरातलं सगळं नेट बंद पाडलं. जुन्याचा पत्ता बदलला, त्याला ब्रिजवर टाकलं, हॉलमधल्या वायफायचा पासवर्ड दिला. मग त्याला दाराच्या चौकटीवर, जिथवर सिग्नल येत होता तिथे बसवलं आणि वायर खाली टेबलापर्यंत सोडली. सगळे दिवे हिरवे झाले. बाबांनी माझी पाठ थोपटली. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच.

रविवारी आवाज स्वच्छ होता. कोणाचाही चेहरा मध्येच गोठत नव्हता, त्यामुळे जांभई सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसत होती. वीस मिनिटांनी कल्याणचे वकील म्हणाले, "सर, तुमचा आवाज तुटतोय."

"आता नाही तुटत," बाबा आनंदाने म्हणाले. "मुलाने राउटर बसवलाय."

वकिलांनी चष्मा सारखा केला. "मग माझ्याकडचंच असेल," म्हणाले आणि गेले.

पुढच्या दोन रविवारी उरलेले तिघेही गेले. त्यांना सांगायला कारणही उरलं नव्हतं. राउटरमध्ये काही बिघडलंय का, असं बाबांनी मला दोनदा विचारलं. मी तपासलं. काही बिघडलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी खात्रीसाठी मी हॉलमधून फोनवर वर्गात शिरलो, कॅमेरा बंद ठेवून. नावाच्या जागी नुसतं 'पाहुणा' उमटलं.

"या पाहुणे!" बाबा ताठ बसले. "आज आपण दोघंच. मोडीत आधी रेघ, मग अक्षर. आणि हात उचलायचा नाही."

तेव्हाच 'बाबा, मी आहे' म्हणायला हवं होतं. ते पन्नास मिनिटं शिकवत राहिले.

"सांगून टाक त्यांना," स्वयंपाकघरात आई मला म्हणाली.

"तू सांग."

"मला पानं वाढायची आहेत."

जेवताना बाबांनी भाताची मूद दोनदा घेतली. "आज एक जण शेवटपर्यंत होता," ते म्हणाले. "बोलला काही नाही. पण होता."

आई वरणात चमचा फिरवत राहिली. मी कोशिंबीर मागितली.

तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता मी सोफ्यावर फोन घेऊन हजर असतो. नवीन कोणी आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. पाहुण्यांची तयारी आता जुने दस्त वाचण्याइतकी झाली असेल, असा बाबांचा अंदाज आहे.

आठ महिने झाले. मला मोडी वाचता येत नाही.