थांबवणारा हात

कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतात, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर. शेवगाव भागातल्या आमच्या कारखान्यात ती मोळी माझ्या हुकमाशिवाय पडत नसे. मी पेपरचा फोटोग्राफर. हात वर करून "थांबा" म्हटलं की चेअरमनपासून पाहुण्यांपर्यंत सगळे मोळी धरून माझ्याकडे बघत उभे राहत. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो, खाली माझं नाव. वर्षातून एकदा मिळणारा हा मान मला पगारापेक्षा प्यारा होता.

यंदा सोनईकडची एक पोरगी आली. बातम्यांचं चॅनल तिचं, आणि ते सगळं एका मोबाईलमध्ये. मोबाईल एका दांडीवर बसवलेला. ती कशीही पळाली तरी चित्र हलत नव्हतं. माझ्या गळ्यात दोन कॅमेरे, खांद्यावर बॅग, आणि मान आधीच आखडलेली. ती हसून म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का?"

त्या 'काका'नं माझं डोकंच फिरलं. मी मुद्दाम तिथेच पाय रोवून उभा राहिलो आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ सगळ्यांना थांबवलं. एक फोटो, अजून एक, पुन्हा एक. शेवटी म्हातारे चेअरमन म्हणाले, "फोटोवाले, सोडू का आता? हात लई भरून आलेत." सगळे खदखदून हसले, मोळी निसटली आणि वेडीवाकडी गव्हाणीत गेली. मी तेव्हा कॅमेऱ्यातले आधीचे फोटो तपासत होतो, दुसरा हात तसाच वर.

चहा येईपर्यंत तिचा व्हिडिओ मांडवातल्या प्रत्येक मोबाईलवर वाजत होता. मला कोणी फोटो दाखव म्हटलं नाही. संध्याकाळी संपादकांचा फोन आला. माझे फोटो चांगलेत, पण तिच्या व्हिडिओतली हसण्याची फ्रेम घेतोय, म्हणाले. मी "बरं" म्हटलं. रात्री जेवण गेलं नाही. मोबाईलवर झरझर फिरणाऱ्या तिच्या बोटांचा, तिच्या वयाचा, त्या दांडीचासुद्धा मला हेवा वाटत होता.

सकाळी बायकोनं पेपर उघडला. हसणारे चेअरमन, हवेत मोळी, आणि कडेला वर केलेला एक हात. तिनं त्या हातातली अंगठी ओळखली.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचा फोटो आला पेपरात," ती कौतुकानं म्हणाली.

मी खालचं नाव वाचलं. ते त्या पोरीचं होतं.