सरांचं अडलेलं प्रकरण

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयगडच्या आमच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत होते. त्यांचा मुलगा बोलत होता, मी नुसती "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवल्यावर आठवलं, त्यांच्याकडे जायचं राहूनच गेलं...

सर शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर एका फ्रेंच माणसाचं चरित्र लिहायला बसले. तोही मूळचा इतिहासाचा प्राध्यापक. तेव्हा फ्रान्सच्या गादीवर राजा होता, पण घटनेने बांधलेला. अशा राजवटीत हा मंत्री झाला आणि त्याने गावोगावी शाळा काढायला लावल्या. मताचा हक्क मात्र मूठभर पैसेवाल्यांपलीकडे जाऊ दिला नाही. त्या हट्टापायी सरकार कोसळलं आणि उरलेलं आयुष्य तो इतिहास लिहीत राहिला. सर हे सगळं सख्ख्या काकाच्या खोडी सांगाव्यात तसं सांगायचे. "हुशार होता गो, पण कुणाचं ऐकायचा नाही."

आणि स्वतः सर? वाचनालयाचे अध्यक्ष तेच. आम्हा मच्छीमारांच्या मुलींना घरी येऊन पुस्तकं दिली ती त्यांनीच. पण निवडणुकीत मत फक्त मोठी वर्गणी भरणाऱ्या आजीव सभासदांना, आणि आमच्यातलं कुणीच आजीव नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मी मताचा हक्क मागितला तर म्हणाले, "आधी वाचा, मग बघू."

"वाचतोय म्हणूनच मागतोय, सर," मी म्हटलं.

पुढे बरेच आजीव सभासद आमच्या बाजूला आले, नियम बदलला. निवडणुकीत सर पडले, मी अध्यक्ष झाले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? नियम बदलल्याचं आजही वाईट वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की नंतर मी त्यांची पायरी चढले नाही. सुरुवातीला लाज वाटली, मग सवयच झाली.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते जेटीवर भेटले. फार वाळले होते. "सुलभा, शेवटचं प्रकरण अडलंय. येऊन वाच गो एकदा."

"येते हां सर, गणपती झाले की."

गणपती झाले, दिवाळी झाली...

तेराव्यानंतर मुलाने वही आणून दिली. शेवटच्या प्रकरणात सरांनी त्या मंत्र्याची बाजू तीनदा मांडून तीनदा खोडली आहे. खाली पेन्सिलीने लिहिलंय, 'सुलभा येणार आहे. तिला विचारून पुढे.' त्यानंतरची पानं कोरी आहेत.

वही आता माझ्या टेबलावर असते. काल वाचनालय बंद करण्याआधी पेन घेऊन बसले. मंत्र्याबद्दल काहीच सुचेना. 'सर, आले हां,' एवढंच लिहिलं आणि वही मिटली.