खोक्यात निघाली सरकी

शेटजीनं माझी पिशवी काउंटरवर उपडी केली. भाकर पडली, ठेचा सांडला, कंगवा पडला. चार गिऱ्हाइकं उभे होते. एकानं नाकाले रुमाल लावला. शेटजीनं माझी शिदोरी फूटपट्टीनं बाजूले ढकलली, हात नाही लावला. मग म्हणे, "ठोकळे कुठी लपवले?"

मी बावीस वर्षांची होती. मॅट्रिक पास. सौसरच्या त्या दुकानात खेळणे अन् पाटी-पेन्सिल विकाचं काम मले भेटलं, तेव्हा आमच्या बौद्धपुऱ्यातल्या बाया मले पाहाले आल्या होत्या. ही पोरगी आता दुसऱ्याच्या वावरात तण निंदाले नाही जाणार म्हणून. माय तर तीन दिवस हवेत होती. बाप नव्हता. घर माझ्याच कामावर चालत होतं.

तेव्हा सौसरात टीव्हीवाले घरं बोटावर मोजाचे. त्या साली नागपूरहून दुकानात नवं खेळणं आलं, घर बांधाचे ठोकळे. एकात एक फसवाचे, भिंती उभ्या कराच्या, वर लाल छप्पर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते. पोट्टे लाकडी बैल सजवून फिरतात, त्याईले काहीतरी द्या लागते. संत्र्याच्या एका मोठ्या बागायतदाराची बायको, आम्ही तिले मालकीणबाई म्हणो, नातवासाठी एक खोकं घेऊन गेली. दुकानाचा नेम होता, खोकं गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवाचं. मी दाखवलं. शेटजी गल्ल्यावर बसून पाहून राहिले होते.

पोळ्याच्या सकाळी ते खोकं वापस आलं. आत सरकी भरलेली. मालकीणबाई म्हणे असंच भेटलं, दुसरं द्या. चांगला आवाज चढवून बोलली.

अन् मी काय केलं? मी म्हटलं, "चुकलं बाई."

ही मायची शिकवण. मोठ्या घरचं माणूस ओरडलं का पहिले चुकलं म्हणून मोकळं व्हाचं, काय झालं ते मंग पाहाचं. मायले तिच्या मायनं शिकवलं. तो शब्द तोंडातून आपोआप निघे. त्या दिवशी तोच धरला. "पाहा, कबूल झाली," मालकीणबाई म्हणे. दुसरं खोकं घेतलं अन् गेली. तिच्या मागं माझी पिशवी उपडी झाली.

पिशवीत ठोकळे असतीन तर निघतीन ना! गिऱ्हाइकं गेल्यावर शेटजी हळूच म्हणे, तुनं नाही घेतले हे मले माहीत आहे, पण ते घर मोठं आहे. उद्या त्याईच्या घरी जाऊन माफी माग, पाया पड, परवा कामावर ये. नाहीतर दुसरं काम पाहा. माहीत होतं त्याले! आजही आठवलं का आंगाची लाही होते.

घरी मायले सांगितलं. माय म्हणे, जाय, दोन शब्द बोलल्यानं जीभ झिजते का.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी निघाली. रस्ताभर डोक्यात एकच. सरकी. सरकी ढोराले चारतात. आमच्या घरी ना वावर, ना ढोर. बकरी नाही साधी. मी सरकी आणीन कुठून? हे मले काल काऊन नाही सुचलं? दोनदा वापस फिरली, दोनदा पुन्हा निघाली.

ओट्यावर मालकीणबाईचे दोन नातू बसून होते. समोर दोन लाकडी बैल. अन् बैलापुढं लाल छपराचे दोन घरं. नवे कोरे, सारखे.

ओवाळाले आलेल्या पाच-सात बाया थांबल्या. मालकीणबाई झोपाळ्यावरून म्हणे, "बोल."

चुकलं हा शब्द तोंडात आलाच होता. खोटं कायले सांगू. तो गिळला अन् म्हटलं, "बाई, ठोकळे तुम्हाले एकाच खोक्यात भेटले म्हणता. घरं दोन उभे आहेत. अन् सरकी तुमच्या गोठ्यातली आहे."

एका बाईनं घरांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मालकीणबाई म्हणे, हिले बाहेर काढा. तोपर्यंत मी फाटकाबाहेर आली होती.

काम गेलं. शेटजीनं साऱ्या बाजारात सांगितलं का पोरगी चोर आहे. दोन साल मोहगावच्या वावरात कापूस वेचला. माय म्हणे एका शब्दापायी घर उपाशी घातलं. तिनं मले शेवटपर्यंत माफ नाही केलं.

आता माझ्या घरात माझा नेम आहे. चुकलं म्हणाचं असन तर काय चुकलं ते पहिले सांग. चूक नसन तर कोणाच्या बापासमोरही तो शब्द काढाचा नाही. परवा पोरीच्या ऑफिसात साहेब तिच्यावर ओरडला. पोरीनं विचारलं, "काय चुकलं, दाखवा." नोकरी राहते का जाते, अजून माहीत नाही. रात्री तिनं मले विचारलं, माय, माफी मागू का?

मी म्हटलं, कापूस मले अजूनही वेचता येते. तू मागू नको.