ड्रायव्हरच्या उजव्या हाताची जागा

पोटापाण्यासाठी मी कवळ्या बनवतो. जळगावात घराच्या पुढच्या खोलीत माझी लहानशी डेंटल लॅब आहे. डॉक्टर लोक मापं पाठवतात, मी दात बसवून परत देतो. आणि रविवारी दुपारी, त्याच टेबलावर, त्याच हत्यारांनी मी गाड्या बनवतो. प्लास्टिकच्या, खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान. डब्यात सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पण डब्यावरच्या चित्रासारखी गाडी बनवण्यात मला काडीचाही रस नाही. ती कुणीही बनवेल. डब्यातली परदेशी गाडी मोडून-तोडून तिची आपल्या रस्त्यावरची गाडी करायची, तर खरी मजा. पाहुणे म्हणतात, पंचेचाळिशीत खेळणी खेळतोय. म्हणेनात का! त्यांच्यातल्या निम्म्यांच्या तोंडात मी बनवलेले दात आहेत.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शिंदखेडा ते धुळे काळी-पिवळी चालवायचे. एसटी चुकली की माणूस ज्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून घेतो, ती. कागदावर माणसं नऊ, आत पंधरा-सोळा, शिवाय मागच्या पायरीवर दोघं-तिघं लटकलेली. आबांच्या हाताखाली त्या गाडीला कधी मोठा धक्का लागला नाही. सोनगीरच्या बाजूला रस्ता खणून ठेवला होता, त्या वर्षीसुद्धा नाही. मी लहान असताना ते आवाजावरून सांगायचे, मागं कुणीतरी दाराला टेकून झोपलंय, उठवा त्याला. आणि खरंच कुणीतरी झोपलेलं असायचं.

गाडीचं वय झालं, पासिंग बंद झालं, तशी ती शिंदखेड्याच्या घराच्या अंगणात निंबाखाली उभी राहिली. आबा रोज सकाळी तिच्यात जाऊन बसायचे, पेपर वाचायचे, एकदा इंजिन सुरू करून बंद करायचे. मागच्या वर्षी न्हाणीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका. मी त्यांना जळगावला आणायचं ठरवलं, गावचं घर आवरायला घेतलं, आणि अंगणातली ती जीप पाहून माझं डोकं फिरलं. टायर बसलेले, सीटवर कोंबडी अंडी घालून गेलेली. भंगारवाला दारावरूनच चालला होता. हाक मारली आणि देऊन टाकली. अर्ध्या तासात कारभार आटोपला. आबांना विचारलं नाही. दवाखान्यात जाऊन नुसतं सांगितलं.

त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलेनात. रुसवाफुगवा नाही, आदळआपट नाही. ताट पुढं आलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे. पण मला काही सांगायचं असलं की बायकोकडं बघून सांगायचे. "पोरी, त्याले सांग, पंखा कमी कर." मी समोर दोन हातांच्या अंतरावर उभा, पंख्याचं बटण माझ्या खांद्याला लागून! आधी मी चिडायचो, भांडी आपटायचो. मग हसण्यावारी नेलं. मग सहन होईना. अकरा महिने झाले. आपला बाप आपल्याला 'तू' म्हणत नाही, यासारखं वाईट काही नाही, मी अनुभवानं सांगतो.

तोंडानं माफी मागणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. मला हातानंच काय ते जमतं. म्हणून मी एका परदेशी जीपची दोन किटं मागवली. काळी-पिवळी लांब असते, एका किटात ती मावत नाही. पहिलीचं पोट कापलं, दुसरीच्या पोटाचा तुकडा मध्ये घातला, सांधा कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकनं भरला आणि दात घासतो तसा घासून काढला. स्टिअरिंग डावीकडं होतं. ते उजवीकडं आणायचं तर सगळा डॅशबोर्ड उलटा करून नव्यानं कोरावा लागतो. कोरला. आबांच्या डॅशबोर्डवर बुद्धाची लहान मूर्ती असायची, तीही तांदळाच्या दाण्याएवढी मेणात घडवली. माझीच पाठ थोपटून घ्यावी असं काम झालं होतं.

आबा खिडकीशी खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते, पण बघत नाही असं दाखवत होते. तिसऱ्या रविवारी मी छतावरचा कॅरिअर चिकटवायला घेतला आणि मागून आवाज आला.

"पोरी, त्याले सांग, कॅरिअर मांगे सरकाव. पुढे छत्र्या ठेवूत आम्ही."

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मला म्हणाली, "आबा म्हणतात, कॅरिअर मागं सरकवा." मी म्हटलं, "आबांना सांग, सरकवला." दोघं चार फुटांवर, आणि ही बिचारी मध्ये टपाल वाटत उभी.

पण त्यानंतर काय सांगू! माणूस खुललाच. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात चीर कुठून कुठं गेली होती, हॉर्नचं बटण तुटल्यावर तिथं शर्टाचं बटण बसवलं होतं, मागच्या दाराला कडी नव्हती तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला होता, स्टेपनीच्या झाकणावर रंग कसा उडाला होता. मी मोजपट्टी घेऊन बसलेला आणि आबा डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मापं सांगायचे, तीही बायकोलाच. मी पडताळून पाहायला जुना एक फोटो शोधून काढला. आबांचं सगळं बरोबर निघालं. मी इतकी वर्षं लोकांच्या जबड्यांची मापं घेतो, एकही डोक्यात राहत नाही. त्या म्हाताऱ्यापुढं मी मनातल्या मनात हात जोडले.

शेवटी सीट राहिली. मला वाटलं, यात आबांना खूश करून टाकू. ड्रायव्हरची सीट स्टिअरिंगच्या बरोबर मागं असते, तिथलं रेक्झिन बसून बसून विटणार, फाटणार. मी ब्रशच्या टोकानं ते रंग उडालेलं, मधोमध खोलगट झालेलं रेक्झिन असं हुबेहूब केलं की मलाच त्यावर हात फिरवावासा वाटला. गाडी आबांपुढं धरली.

आबांनी चष्मा वर-खाली केला. मग बायकोला म्हणाले, "तठे मी कधी बसनूच नही. तठे सीट बसे."

तिथं ते कधी बसलेच नव्हते, तिथं सीट बसायची. सीट म्हणजे पॅसेंजर. काळी-पिवळीवाल्यांच्या भाषेत माणसाला सीट म्हणतात. आणि माझी ट्यूब पेटली. अरे देवा! मी ज्या गाडीत वाढलो, तिच्यात ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक पॅसेंजर असायचा, दाराकडं. ड्रायव्हर आत सरकून, गिअरच्या बाजूला, अर्ध्या ढुंगणावर बसायचा. मी स्टिअरिंग डावीकडून उजवीकडं आणलं, नऊ रविवार घालवले, आणि बापाला बसवलं भलत्याच जागी.

माझं तोंड पडलेलं पाहून आबा काठी टेकत उठले. मला दंडाला धरलं, सोफ्यावर उजव्या टोकाला नेऊन बसवलं. मग स्वतः माझ्या डाव्या बाजूला टेकले, खुबा सांभाळत, तिरके. उजवा हात माझ्या छातीपुढून नेऊन हवेत स्टिअरिंग धरलं. डावा हात त्यांच्या डावीकडं येऊन बसलेल्या माझ्या बायकोच्या गुडघ्यांपलीकडं गिअर शोधायला लागला. ती पटकन पाय बाजूला घेऊन हसायला लागली. आबा मान वाकडी करून उजवीकडचा रस्ता बघत होते, कारण सरळ बसून तिकडं बघितलं असतं तर माझं डोकं आड आलं असतं. असं त्यांनी अख्खं आयुष्य चालवलं होतं. मी टेबलखुर्चीवर बसून तीन तास काम केलं की पाठ दुखते म्हणून बायकोकडून बाम लावून घेतो.

"पोरी, त्याले सांग," आबा तसेच वाकडे बसून म्हणाले, "हाई जागा ज्याले उलटी व्हस त्याना करता. दारजोडे वारा लागस."

म्हणजे ज्याला गाडी लागते, त्याला दाराशी वाऱ्यावर बसवायचं आणि आपण अर्धं लटकायचं. मी आबांना कधी विचारलंच नव्हतं की तुम्ही असे तिरके का बसता. मला वाटायचं, जास्तीचा माणूस कोंबायची हाव. कॉलेजात असताना तर मला त्या गाडीची लाज वाटायची, तेही इथंच सांगून टाकतो.

मी सीट खरवडून काढली. पुन्हा पुटी भरली, पुन्हा रंगवली. खळगा डावीकडं सरकवला, गिअरकडं, आणि एकाच बाजूनं जास्त दाबलेला केला. उजवीकडं दाराशी दुसरा, उथळ खळगा, वेगवेगळ्या माणसांनी बसून केलेला. त्याला दोन रविवार गेले. वार्निश वाळल्यावर गाडी आबांच्या तळहातावर ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. डॉक्टर माझी कवळी पेशंटच्या तोंडात बसवतात, तेव्हासुद्धा माझी छाती इतकी धडधडत नाही.

आबांनी गाडी फिरवून फिरवून पाहिली. मागचं दार नखानं ढकललं. डोळ्याजवळ नेऊन आतली सीट पाहिली, बराच वेळ. बायको सवयीनं पुढं आली, निरोप घ्यायला. आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"आते हाई इकशी," ते म्हणाले, "तं आगोदर माले इचारजो." आता ही विकशील, तर आधी मला विचार; आणि हे थेट मला, मध्ये बायको नाही.

मला वाटलं होतं, तो दिवस आला तर मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेईन. कसली थट्टा! जळगावात राहून माझी अहिराणी केव्हाच सुटली होती, पण त्या वेळी तीच तोंडात आली.

"तवय इचाराले पाहिजे व्हतं, आबा," मी म्हटलं.

"व्हतं," आबा म्हणाले, आणि गाडी मांडीवर ठेवून घेतली.