डोक्यातली गाठ आणि सकाळचा निरोप

परक्या मुलखात माझ्या पाठीशी उभे राहिले ते आमचे घरमालक. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोक हसतात आणि हसण्याच्या भरात मुख्य गोष्ट राहून जाते. माणसाला जे जे म्हणून लागतं ते सगळं त्याच्या अंगातच भरून ठेवलेलं आहे, ते फक्त झोपलंय, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात झाला नाही. झाला असता तर तालुक्याला पेलला नसता. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी मुलांना आयुष्यभर बेडूक फाडून दाखवले, आणि रिटायर झाल्यावर पौडच्या पलीकडे आपल्या गावी येऊन राहिले. "माणूस म्हणजे काय? शिकलेला बेडूक," असं ते म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून लगेच दुरुस्ती करायचे, "म्हणजे काही काही शिकलेले." मी सातवीतून शाळा सोडलेला. उदगीरकडून आलेला, गावातल्या भाताच्या गिरणीत पोती उचलणारा, आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहणारा.

बाहेरून काही आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. अंगणातला आंबा धरेना तेव्हा शेजाऱ्यांनी शेणखत घालायला सांगितलं. घरमालक म्हणाले, "खत म्हणजे लाच. आंबा त्याच्या आतच आहे, त्याला आठवण करून द्यायची." मग ते रोज संध्याकाळी खुर्ची टाकून आंब्यासमोर बसत आणि त्याच्याकडे रोखून बघत. एसटीलाही ते कधी हात करत नसत. थांबायची इच्छा ड्रायव्हरच्या पोटात असतेच, नजरेने ती जागी करायची, असं त्यांचं शास्त्र. ते फाट्यावर ताठ उभे राहून ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघत, आणि एसटी त्यांच्या अंगावर धूळ उडवून निघून जाई. "याची फार गाढ झोपलीय," एवढंच म्हणून ते चालू लागत. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, या सगळ्याला सरावल्या होत्या. एकदा गॅस संपला तेव्हा त्या सिलिंडरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जरा बघा हो याच्याकडे रोखून. आत असेल."

त्यांचा एक भाचा अमेरिकेत कुठल्याशा प्रयोगशाळेत होता. तो अधूनमधून तिकडच्या मासिकांची कात्रणं पाठवी. त्यातलं एक कात्रण आलं आणि घरमालकांचा जन्म सार्थकी लागला. त्यांनी मला ओसरीवर बसवून समजावलं ते मला कळलं तेवढं असं, की माणसाच्या मेंदूखाली हरभऱ्याएवढी एक गाठ असते आणि वाढीचं द्रव्य तिच्यात असतं. ज्या पोरांची वाढ खुंटते त्यांना ते द्रव्य टोचायचं तर मेलेल्या माणसांच्या डोक्यातून काढावं लागे, आणि ते राजेरजवाड्यांनाच परवडे. आता शास्त्रज्ञांच्या हाती प्रथिनाचा एक बारका तुकडा लागला होता, त्याला पेप्टाइड म्हणायचं. हा तुकडा स्वतः वाढ करत नाही. तो जाऊन गाठीला नुसता निरोप देतो, की बाई, ऊठ, तुझ्यातलं सोड. "बघितलंस?" घरमालकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी जन्मभर काय सांगत आलो?"

याच सुमाराला पिरंगुटला एक नवा कारखाना उभा राहत होता आणि तिथे रखवालदार भरायचे होते. शिक्षणाची अट नव्हती, उंचीची होती. माझी उंची त्यात बोटभर कमी पडत होती. बोटभर म्हटलं तर काहीच नाही, पण माझं सगळं त्या बोटावर अडकलं होतं. गिरणीचं काम भाताच्या हंगामापुरतं. शिमगा झाला की मालक "बघू पुढच्या दिवाळीला" म्हणणार. तिकडे वडील गेल्यापासून आई मामाच्या दारात, गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होती. मामी तिला वाढायची, पण वाढताना भांडं आपटायची. कायमची नोकरी लागली की आईला घेऊन येईन असं मी सांगून निघालो होतो, आणि तिकडे आई ते रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार, हे मला इथे बसून ऐकू यायचं. मी हे घरमालकांजवळ बोललो. त्यांनी मला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर टिचकी मारली, कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "गाठ झोपलीय तुझी. उठवू."

त्यांनी भाच्याला औषध पाठवायला लिहिलं. भाच्याचं उत्तर आलं की मामा, ते अजून उंदरांनाच देतात, आणि मोजकंच आहे. "उंदरांना देतात आणि मला नाही," एवढंच म्हणून घरमालकांनी औषध घरी करायला घेतलं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा तुकडा, आणि कच्च्या पपईच्या चिकाने प्रथिनाचे तुकडे पडतात, एवढं बेडकांनी त्यांना शिकवलं होतं. निरोप डोक्याला द्यायचा तर प्रथिनही डोक्याचंच हवं, म्हणून दर बाजारी पौडहून बोकडाची मुंडी यायची. घरमालक जन्माचे शाकाहारी. ते नाकाला उपरणं बांधून, तोंड फिरवून, परसातल्या चुलीवर पपई घालून मुंडी शिजवत, आणि काकू तेवढा वेळ देवळात जाऊन बसत. त्या पातळशा रश्श्याला त्यांनी नाव दिलं, निरोप. पहाटे उठवून ते मला टेकडीवर पळवत, संध्याकाळी दिवे लागले की झोपायला लावत, कारण गाठ झोपेतच हात सैल सोडते म्हणे. आणि रोज सकाळी मी गिरणीला निघालो की ओसरीवरून खणखणीत आवाजात विचारत, "काय रे, निरोप घेतलास का?"

"घेतला, अण्णा."

"सगळ्यात आधी घ्यायचा. रिकाम्या पोटी. आणि डोक्यातल्या गाठीची काळजी करू नकोस, मी आहे."

हे सगळं शेजारच्या वंशाआत्या अंगण झाडता झाडता ऐकत होत्या. त्यांना पेप्टाइड माहीत नव्हतं, पण डोक्यात गाठ आणि निरोप घेणं, या दोन्हींचा अर्थ त्यांना चांगला माहीत होता. त्यात परसात बोकडाची मुंडी दिसलेली. उताराही चालू झाला म्हणजे डॉक्टरनं हात टेकले, असा त्यांनी हिशेब केला. दुपारपर्यंत पाणवठ्यावर बातमी झाली, "अगं, त्या गिरनीवरल्या पोराच्या डोस्क्यात गाठ हाय. लई वाढलीया म्हनं. अण्णा रोज सकाळी इचारत्यात, निरोप घेतलास का म्हनून. आन् ते लेकरू बी कसं सांगतं, घेतला म्हनून! हसून सांगतं गं बया!"

मला काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की गाव अचानक फार प्रेमळ झालं. कुणी अंडी आणून दिली, कुणी आंबेमोहोराच्या पिठाची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. गिरणीचा मालक, जो पोतं सांडलं तर सात पिढ्या काढायचा, तो म्हणाला, "बस रं जरा. किती उचलशील?" मी घाबरलो. इतकं बरं वागतात म्हणजे नोकरी जाणार, असं मला वाटलं. एक म्हातारे रोज संध्याकाळी येऊन माझा हात हातात घेऊन नुसते बसत, आणि जाताना म्हणत, "व्हतंय ते बऱ्यासाटीच."

त्यातच आमच्या उदगीरकडच्या गावचा एकजण, पुण्यात हमाली करणारा, मला भेटायला म्हणून आला. मी कामावर होतो, त्याला वंशाआत्या भेटल्या. तो मला न भेटताच उदगीरच्या गाडीत बसला. आणि मग एका दुपारी मी जेवायला खोलीवर येतो तर ओसरीत आई. हातात पिशवी, डोळे सुजलेले, आणि समोर घरमालक खांबाला टेकून उभे.

"माझ्या लेकराला काय पाजलाव तुम्ही?" आई कडाडत होती. "बोकडाचं डोकं? उतारे करलाव? एवढं शिकलेलं माणूस तुम्ही!"

"अहो बाई, उतारा नाही, पेप्टाइड!"

"त्याचं नाव घेऊ नका माझ्यासमोर!"

तेवढ्यात तिला मी दिसलो. तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि केसांत बोटं घालून इंच इंच चाचपू लागली. "कुठं हाय रे? दुखतंय का?" मी म्हणालो, "आई, काही नाही, मी फक्त बुटका आहे." काकूंनी तिला पाणी दिलं, जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. ऐकून आई इतकी हसली, की हसता हसता पुन्हा रडली.

गल्लीभर माणसं जमली होती. त्यांचाही गैरसमज दूर करायला घरमालक ओसरीच्या कडेला उभे राहिले. ते गप्प बसते तर सगळं मिटलं असतं. "लोकहो," ते म्हणाले, "उगाच घाबरू नका. ही गाठ काय याच्या एकट्याच्या डोक्यात नाही. तुमच्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे!" वंशाआत्या डोक्याला हात लावून मटकन खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी पौडच्या दवाखान्यासमोर आमच्या गावाची रांग लागली होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी घरमालकांना असा निरोप पाठवला की तो मला इथे लिहिता येत नाही.

भरतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला चौकटीला लावलं. बोट तिथेच होतं, तसूभरही हललेलं नव्हतं. माझा चेहरा पडला. आई दारात उभी होती, तिने पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, परत जायचंच असल्यासारखी. घरमालक म्हणाले, "द्रव्य सुटलंय. पण तू दिवसभर उभा असतोस, त्यामुळे ते तळपायात उतरतं. उद्या झोपेतून उठायचंच नाही. गेटपर्यंत आडवंच जायचं."

अशा रीतीने पहाटे मला अंथरुणासकट उचलून बैलगाडीत, पेंढ्यावर ठेवण्यात आलं. थंडी म्हणून काकूंनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घातली. उशाशी आई, डोळ्यांत वारा जातो म्हणून पदर लावून बसलेली. पुढे घरमालक, अनवाणी, कारण घाईत चपला राहिल्या. आता हे दृश्य बघून गावाने काय समजायचं? वंशाआत्यांनी हंबरडा फोडला. गिरणीच्या मालकाने गिरणी बंद केली. माणसं गाडीमागे चालू लागली, वाटेतल्या वस्त्यांवरचे लोक टोप्या काढून उभे राहिले, एकाने टाळ आणले आणि भजन सुरू केलं. मी चादरीतून ओरडणार, तर घरमालक दटावून म्हणाले, "हलू नकोस! उतरेल!" कुणीतरी त्यांना हळूच विचारलं, "अण्णा, पिरंगुटला कशाला? आपल्या नदीला काय झालंय?" घरमालक म्हणाले, "तिथे माप घेणार आहेत." विचारणाऱ्या माणसाने टोपी काढून काखेत धरली.

गेटवर पोरांची रांग होती, ती पांगली. भरतीचे साहेब खुर्चीवरून उठले. "हे काय? इथे मयत का आणलंय?"

"मयत नाही, उमेदवार आहे," घरमालक म्हणाले आणि त्यांनी चादर ओढली. "ऊठ. सरळ मापाकडे. रेंगाळू नकोस!"

मी उठलो. मागून "उटला गं बया, उटला!" अशी किंकाळी आली आणि टाळ खाली पडले. मी मापाच्या खांबाला पाठ लावली. साहेबांनी आडवी पट्टी खाली सरकवली. ती केसांना लागली. त्यांनी दाबली. ती डोक्याला लागली आणि तिथेच थांबली, रेघेवर. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मला समोर फक्त आई दिसत होती, गाडीचं चाक घट्ट धरून उभी असलेली. "बसतंय," साहेब म्हणाले. "घ्या याचं नाव." आईचा हात चाकावरून सुटला आणि ती तिथेच धुळीत बसली. गावाने मात्र मला उचलूनच परत नेलं, या वेळी खांद्यावर.

पुढे कारखान्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की पोटात गेलेलं पेप्टाइड आणि वरणभात पोटाला सारखेच, दोन्ही पचून जातात. माझ्या हाडांची वाढ केव्हाच संपलेली. आणि सकाळी झोपून उठलेला प्रत्येक माणूस बोटभर उंचच असतो, दिवसा मणके दबतात. मी हे घरमालकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "त्या डॉक्टरने कधी बेडूक तरी नीट पाहिलाय का?"

याला आता काही वर्षं झाली. मी आणि आई पिरंगुटला दोन खोल्यांत राहतो. आई स्वतःच्या हाताने वाढते, आणि भांडं खाली ठेवताना त्याचा आवाज होत नाही. घरमालक थकलेत. पाठीत वाकलेत, पण ते कबूल करत नाहीत. "मी वाकलो नाही रे," म्हणतात, "जमीन वर आली." त्यांच्याकडे आता कुणी फिरकत नाही, काकूंनाही ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं शास्त्र त्यांच्या पोटातच राहतं. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी माझे कानाजवळचे दोन पिकलेले केस बघितले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "काळा रंग आतच आहे," ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या कामाच्या कपड्यांवर गेली. "पण तुला आता वेळ नसेल."

ड्युटी होती, निघावं लागलं. पण फाट्यावर उभा असताना मी मनाशी ठरवलं, की एक दिवस सगळी रजा साठवून त्यांच्या ओसरीवर जाऊन राहायचं, हे डोकं त्यांच्या मांडीवर ठेवायचं, आणि म्हणायचं, अण्णा, घ्या, काय उठवायचं ते उठवा. त्यांचे उपकार दुसऱ्या कशाने फिटतील असं मला वाटत नाही. तेवढे मी एक दिवस फेडणार आहे.